आकाशबेटांवरची अळंबी



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या काही स्नेह्यांनी हसतच विचारले, ‘वाळवंट आणि अळंबी? यांची गाठ कोठे पडली?’ प्रश्न रास्त होता. अळंबी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो आषाढ-श्रावण. ओलीचिंब बांधावरची माती, कुजलेला ओंडका, कोकणातले किंवा गोव्याकडचे एखादे वारूळ आणि त्यावर एका रात्रीत उभी राहिलेली पांढरी छत्र्यांची जत्रा. वाळवंट म्हटले की येतो तो निवडुंग, तापलेला खडक आणि पाण्याचे दुर्भिक्ष. या दोहोंचा मेळ जेथे बसतो अशा एका मुलखाची हकीकत वैशाखातल्या या उकाड्यात आपल्यापुढे मांडावी, असे आम्ही योजले आहे. मात्र आम्हांला केवळ नवलाई सांगावयाची नाही. त्या मुलखातली काही साधी माणसे डोंगरात दिसलेल्या प्रत्येक अळंबीची नोंद करतात, नमुना वाळवून जपून ठेवतात. हे ती कशासाठी करतात, आणि तसे केले नाही तर कोणाचे काय बिघडते, एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा आजचा आमचा प्रयत्न आहे.

हा मुलूख म्हणजे अमेरिकेतील ॲरिझोना राज्याचा आग्नेय भाग. मेक्सिकोची सरहद्द येथून जवळच. टुसॉन नावाचे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० फूट उंचीवर, सोनोरा वाळवंटात वसलेले आहे. वर्षाकाठी येथे अकरा-बारा इंच पाऊस पडतो. पुण्यासारख्या, सह्याद्रीच्या पावसाच्या छायेतल्या शहराच्या मानानेही हा पाऊस निम्म्याहून कमीच. शहराभोवती दोन-दोन पुरुष उंचीचे आणि त्याहूनही पुष्कळ उंच असे साग्वारो निवडुंग हात वर करून उभे असतात. आणि याच शहराच्या उत्तरेला, वेशीवरच म्हणा ना, सांता कॅटलिना नावाची डोंगररांग उठते. तिचे सर्वोच्च शिखर माउंट लेमन ९,१५७ फूट उंच आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी पाऊण कळसूबाई ठेवावी, एवढी ही उंची.

पायथ्यापासून वर एक घाटरस्ता जातो. लांबी सत्तावीस मैलांच्या आसपास. गाडीने तासाभराची वाट. परंतु त्या तासाभरात माणूस जणू देश बदलतो. खाली साग्वारो आणि काटेरी झुडपे, थोडे वर गेले की गवताळ उतार आणि बुटके ओक, त्याच्यावर जुनिपर, मग पाँडेरोसा पाइनची उंच, तांबूस सालीची झाडे, आणि माथ्यावर, उत्तरेकडे तोंड करून असलेल्या थंड घळींत, डग्लस फर, पांढरा फर आणि ॲस्पेन. खाली माणसे घामाने भिजलेली असतात, तेव्हा वर दहा-पंधरा अंशांनी हवा थंड असते, आणि पाऊसही पायथ्याच्या दुपटी-तिपटीने पडतो. सी. हार्ट मेरियम या निसर्गशास्त्रज्ञाने १८८९ साली याच राज्याच्या उत्तर भागातील सॅन फ्रान्सिस्को शिखरांवर अभ्यास करून दाखविले की, वाळवंटातला डोंगर चढणे म्हणजे थोडक्या वेळात मेक्सिकोहून कॅनडापर्यंतचा प्रवास करण्यासारखेच आहे.

असे एकटेदुकटे डोंगर त्या प्रदेशात पन्नासहून अधिक आहेत. दोन डोंगरांच्या मध्ये वाळवंट किंवा कोरडे गवताळ मैदान. माथ्यावरच्या फर वृक्षाला, खारीला किंवा बुरशीला खालच्या मैदानातून दुसऱ्या डोंगरावर जाणे सोपे नाही. समुद्रातल्या बेटावरच्या प्राण्याला पाणी जसे ओलांडवत नाही तसेच हे. म्हणून या डोंगरांना ‘आकाशबेटे’ म्हणतात. वेल्डन हील्ड या लेखकाने १९६७ साली चिरिकावा डोंगरातील आपल्या वास्तव्यावर लिहिलेल्या पुस्तकाला हेच नाव दिले आणि ते रूढ झाले.

आता पावसाकडे वळू. आपल्याला ऐकून आनंद वाटेल की त्या मुलखातही मोसमी पाऊस पडतो, आणि तेथील लोक त्याला ‘मॉन्सून’च म्हणतात. जून महिना कमालीचा कोरडा आणि तापलेला. जुलैच्या सुरुवातीला वारे फिरतात, मेक्सिकोच्या बाजूने दमट हवा येऊ लागते आणि दुपारी डोंगरावर ढग चढतात. गडगडाट होतो, तासभर मुसळधार कोसळते, संध्याकाळी आकाश पुन्हा निरभ्र. सप्टेंबरपर्यंत हा खेळ चालतो. आपल्याकडे पाऊस ठाण मांडून बसतो, तिकडे तो पाहुण्यासारखा येऊन जातो. परंतु डोंगरमाथ्यावरच्या पाइनच्या पाल्याखाली ती ओल टिकते, आणि जुलैच्या अखेरीपासून पाच-सहा आठवडे त्या वनात अळंब्यांचा मोसम उसळतो. पिवळ्या, तांबड्या, जांभळ्या, लोण्यासारख्या पांढऱ्या. काही बोटाएवढ्या, काही ताटाएवढ्या. आम्ही तेथे असताना त्या डोंगरांत पावसाळी दिवसांत पुष्कळ हिंडलो आणि कोकणात श्रावणात सापडेल एवढे वैविध्य एका घळीत पाहिले.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. आपण जिला अळंबी म्हणतो ते त्या सजीवाचे केवळ फळ होय. आंब्याच्या झाडावर आंबा, तशी ही अळंबी. फरक एवढाच की येथे झाड जमिनीखाली असते. केसाहूनही बारीक असे असंख्य तंतू माती, पाला आणि लाकूड यांतून पसरलेले असतात. तेच खरे कवक. यांतले काही कवक लाकूड कुजवून त्याची माती करतात. काही मात्र जिवंत झाडाच्या मुळांना बिलगून राहतात. मातीतले पाणी आणि क्षार झाडाला पुरवितात, आणि मोबदल्यात झाडाने उन्हात तयार केलेली साखर घेतात. पाइन, फर आणि ओक यांचा संसार या भागीदारीवाचून चालणे कठीण. म्हणजे अमुक अळंबी अमुक झाडाखालीच का उगवते, याचे उत्तर येथे सापडते. झाड गेले तर ती जाते. आणि ती नसेल तर झाडाच्या रोपाला मूळ धरणे जड जाते.

आता अडचण अशी की हे झाड जमिनीखाली आहे आणि फळ चार दिवसांचे. आंब्याचे झाड बारा महिने दिसते. मोहर नसला तरी ‘हा आंबा’ असे म्हणता येते. अळंबीचे तसे नाही. पाऊस वेळेवर आला, ओल पुरेशी झाली, तर ती वर येते. तीन-चार दिवसांत किडे, खारी आणि ऊन तिचा फडशा पाडतात. एखादा कवक पाच-पाच वर्षे मुळीच फळत नाही. त्या चार दिवसांत त्या घळीत कोणी गेलेच नाही, तर ती अळंबी उगवली काय आणि न उगवली काय, जगाच्या दप्तरी सारखेच. विद्यापीठात बोटांवर मोजता येतील एवढे कवकशास्त्रज्ञ; डोंगर पन्नास; मोसम सहा आठवड्यांचा. हा हिशेब पगारी माणसांच्या हातून पुरा होणारा नाही. म्हणूनच हे काम तेथे मोठ्या प्रमाणावर हौशी माणसे करतात: निवृत्त शिक्षक, परिचारिका, सुतार, महाविद्यालयातली मुले, मुलाबाळांसह आलेली कुटुंबे.

त्यांची रीत आता सांगतो. अळंबी दिसली की तिला प्रथम हात लावावयाचा नाही. जागच्या जागी, शेजारच्या पाल्यापाचोळ्यासह, तिचे छायाचित्र घ्यावयाचे. वरून, बाजूने आणि खालून. मग टिपण: तारीख, डोंगराचे व घळीचे नाव, अक्षांश-रेखांश, उंची, जवळची झाडे कोणती, जमिनीवर उगवली की लाकडावर, एकटी की घोळक्याने. त्यानंतर सुरीने भोवतालची माती सैल करून ती मुळासकट उचलावयाची. मुळासकट हे फार महत्त्वाचे; कारण अमानिटा नावाच्या कुळातील अळंब्यांच्या बुडाशी एक पिशवीवजा वाटी असते. देठ वरच्यावर खुडला तर ती वाटी मातीतच राहते, आणि ओळख पटविणारी खूणच हरवते. मग वास घ्यावयाचा. कोणाला बदामाचा वास, कोणाला मुळ्याचा, कोणाला ओल्या पिठाचा. कापून पाहावयाचे, काही जातींचा गर कापताच डोळ्यांदेखत निळा पडतो. हे रंग आणि वास वाळल्यावर राहत नाहीत, म्हणून तेथल्या तेथे लिहून ठेवावे लागतात. शेवटी मेणकागदात गुंडाळून टोपलीत. प्लास्टिकची पिशवी वर्ज्य. तिच्यात अळंबी घामाघूम होऊन संध्याकाळपर्यंत तिचा काला होतो.

घरी आल्यावर टोपीचा तुकडा कागदावर पालथा घालून वर वाटी झाकून ठेवतात. सकाळपर्यंत कागदावर बीजाणूंचा ठसा उमटतो. आपल्याकडे दारात रांगोळीचे छापे उमटवितात ना, तसाच हा छाप. पांढरा, गुलाबी, तपकिरी, काळा; या रंगावरून कुळाचा अंदाज बांधता येतो. टुसॉन आणि फिनिक्स या शहरांत पाणी घातलेल्या हिरवळींवर उन्हाळ्यात एक मोठी, पांढरीशुभ्र, दिसायला सात्त्विक अशी अळंबी उगवते. तिचे नाव क्लोरोफायलम मोलिब्डायटीस. तिचा ठसा चक्क हिरवा उमटतो. ती खाल्लेल्या माणसाला ओकाऱ्या-जुलाबांनी बेजार होऊन रुग्णालय गाठावे लागते. रंगावरून आणि रूपावरून विश्वास टाकू नये, हे तत्त्व माणसांप्रमाणे अळंब्यांनाही लागू आहे. डोंगरातल्या काही देखण्या पांढऱ्या अमानिटा तर याहून भयंकर. त्यांचे विष यकृत निकामी करते, आणि पहिला त्रास जाणवण्यापूर्वीच ते रक्तात भिनलेले असते. तेव्हा आमचे ऐकून कोणी येत्या पावसाळ्यात रानातली अनोळखी अळंबी चुलीवर चढवू नये, ही हात जोडून विनंती.

ठसा घेतल्यावर उरलेली अळंबी मंद उबेवर, चाळीस अंशांच्या आसपास, कुरकुरीत होईतो वाळवितात. भाजावयाची नाही, वाळवावयाची. मग कागदाच्या घडीत ती आणि तिची चिठ्ठी एकत्र ठेवून संग्रहालयाकडे पाठवितात. ॲरिझोना विद्यापीठात असा एक मोठा संग्रह आहे. त्याला रॉबर्ट गिल्बर्टसन यांचे नाव दिलेले आहे. हे गृहस्थ १९६७ पासून त्या विद्यापीठात होते. २०११ मध्ये वारले. लाकूड कुजविणाऱ्या बुरश्या हा त्यांचा हातखंडा विषय. पाँडेरोसा पाइन कुजविणाऱ्या बुरश्यांवर त्यांनी १९७४ साली पुस्तक लिहिले; इतकेच नव्हे तर मेलेल्या साग्वारो निवडुंगाच्या सांगाड्यावर कोणत्या बुरश्या वाढतात याचाही सहकाऱ्यांसह छडा लावला. ज्याला इतर लोक ‘कुजके लाकूड’ म्हणून ओलांडून जातात, त्याची हजारो पाकिटे आज त्या कपाटांत शिस्तीने लागलेली आहेत.

एका रविवारी संध्याकाळी आम्ही अशा हौशी मंडळींचे काम पाहत होतो. लांब टेबलावर दिवसभराची जमवाजमव मांडलेली. प्रत्येकीपुढे एक चिठ्ठी. एक सद्गृहस्थ मोठी टोपली घेऊन आले. टोपलीत मोठमोठ्या बोलीटस जातीच्या अळंब्या. त्या दिवसातली सर्वांत देखणी मिळकत. टेबलामागे बसलेल्या वयस्कर बाईंनी विचारले, ‘चिठ्ठ्या?’ गृहस्थ म्हणाले, ‘दिवसभर हिंडलो, इकडून चार, तिकडून चार. कोठून कोणती, ते आता कसे सांगू?’ बाईंनी टोपली हळूच परत सरकविली आणि शांतपणे म्हणाल्या, ‘मग ही तुमच्या स्वयंपाकघरासाठी. आमच्या कपाटासाठी नाही.’ शेजारीच एका शाळकरी मुलीने आणलेली, किड्यांनी अर्धी खाल्लेली, काळपट, बोटभर अळंबी होती. तिच्या चिठ्ठीवर घळ, उंची, ओकचे झाड, वास, सारे वळणदार अक्षरांत लिहिलेले. ती मात्र बाईंनी जपून उचलून वाळवणीला ठेवली. नोंद म्हणजे काय, हे आम्हांला दहा ग्रंथांपेक्षा त्या एका टेबलावर अधिक कळले. चिठ्ठीवाचून असलेला नमुना म्हणजे पत्ता नसलेले पाकीट. ते कितीही सुंदर असले तरी पोचणार कोठे?

येथे कोणी म्हणेल, आता तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. छायाचित्र काढले, जागा आपोआप टिपली गेली. मग वाळविण्याचा हा खटाटोप कशाला? छायाचित्रांचे महत्त्व आम्ही कमी लेखीत नाही. २००६ पासून मश्रूम ऑब्झर्व्हर आणि २००८ पासून आयनॅचरलिस्ट अशा सार्वजनिक नोंदवह्या उपलब्ध झाल्या, आणि त्यांमुळे कोणत्या डोंगरात कोणत्या आठवड्यात काय उगवले, हे कळणे पुष्कळ सोपे झाले. परंतु छायाचित्र म्हणजे साक्ष, आणि नमुना म्हणजे मुद्देमाल. साक्षीदार प्रामाणिक असला तरी त्याला जे दिसले तेवढेच तो सांगणार. मुद्देमाल हाती असला की पन्नास वर्षांनीही नवा प्रश्न विचारता येतो.

याचे प्रत्यंतर विज्ञानानेच दिले आहे. २०१२ साली जगातल्या अनेक कवकशास्त्रज्ञांनी मिळून कवकांच्या जनुकद्रव्यातील एक ठराविक तुकडा ओळखपत्र म्हणून ठरविला. वाळवलेल्या नमुन्याचा कणभर तुकडा घेतला तरी तो वाचता येतो. नमुना नीट वाळविलेला असेल तर कित्येक दशकांनंतरही. तो वाचू लागल्यावर ध्यानात आले की युरोपातल्या पुस्तकांवरून ज्या अळंब्यांना युरोपातली नावे दिली होती, त्यांतल्या कितीतरी अमेरिकेत निराळ्याच आहेत. चेहरा सारखा, कूळ वेगळे. ज्यांचे नमुने कपाटात होते त्यांची नावे दुरुस्त करता आली. ज्यांची केवळ नावेच जुन्या याद्यांत होती, त्या नेमक्या कोण होत्या, हे आता कोणीही सांगू शकत नाही.

आणि हौशी माणसाच्या हातून काय घडते, याचाही एक दाखला देतो. न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना येथील पाँडेरोसा पाइनखाली एक पांढुरक्या टोपीची, गुबगुबीत, खाण्यास उत्तम अशी बोलीटस उगवते. लोक तिला कित्येक वर्षे खात होते. शास्त्राच्या दप्तरी मात्र तिला स्वतंत्र नाव नव्हते. १९७६ साली थीअर्स आणि स्मिथ या दोन प्राध्यापकांनी तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि नाव ठेवले बोलीटस बॅरोसिआय. हे नाव न्यू मेक्सिकोतील चार्ल्स बॅरोज या हौशी अभ्यासकाच्या सन्मानार्थ आहे. आजीबाईच्या बटव्यातल्या वस्तूसारखी जी गोष्ट सर्वांना ठाऊक पण कोठेच लिहिलेली नाही, ती ज्ञान या पदवीला पोचते ती नोंदीमुळे.

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. नोंद न केल्यास बिघडते काय?

सांता कॅटलिना डोंगराच्या वनस्पतींचा अभ्यास फार जुना आहे. टुसॉनला १९०३ साली वाळवंट-प्रयोगशाळा निघाली. तेथील फॉरेस्ट श्रीव्ह यांनी या डोंगराच्या वनस्पतींवर १९१५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १९६३ साली रॉबर्ट व्हिटेकर आणि विल्यम नियरिंग या दोघांनी त्या घाटरस्त्याच्या कडेने कोणते झाड किती फुटांपासून किती फुटांपर्यंत आढळते, हे काळजीपूर्वक टिपून ठेवले. त्या वेळी हे काम कोणाला रुक्ष वाटले असेल. परंतु २०११ साली ॲरिझोना विद्यापीठाच्या मंडळींनी तीच वाट धरून पुन्हा मोजणी केली आणि २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९४९ ते २०११ या काळात टुसॉनच्या खोऱ्यात दर दहा वर्षांनी सरासरी पाव अंश सेल्सियसने उष्णता वाढली होती, आणि अनेक झाडांची खालची सीमा वर सरकली होती. अ‍ॅलिगेटर जुनिपर नावाचा वृक्ष १९६३ मध्ये सुमारे ३,५०० फुटांपासून भेटत असे. आता तो रस्त्यावर सुमारे ५,००० फुटांपासून भेटू लागतो. झाडे डोंगर चढू लागली आहेत. आणि डोंगराला माथा असतो. त्याच्यापुढे चढावयास जागा नसते.

श्रोतेहो, ही गोष्ट कळली कशी? व्हिटेकर आणि नियरिंग यांनी अर्ध्या शतकापूर्वी लिहून ठेवले होते म्हणून. लिहिले नसते तर आजची झाडे पाहून ‘ती येथेच होती’ असेच सर्वांनी गृहीत धरले असते. आता हाच प्रश्न अळंब्यांविषयी विचारा. त्या झाडांच्या मुळांशी बांधलेले कवक झाडांबरोबर वर चढले काय? की मागे राहिले? उत्तर देण्यासाठी १९६३ सालची अळंब्यांची तशी मोजणी हवी. आणि ती नाही. संपूर्ण ॲरिझोना राज्यातील मोठ्या कवकांची यादी २००६ साली प्रसिद्ध झाली. तीत १,२९० जाती आहेत, आणि यादी करणाऱ्यांनीच तिला ‘प्राथमिक’ असे नम्र विशेषण दिलेले आहे. जगाचा हिशेब पाहिला तरी तोच प्रकार. २०१७ सालच्या एका अंदाजाप्रमाणे पृथ्वीवर कवकांच्या बावीस ते अडतीस लाख जाती असाव्यात. नाव मिळालेल्या जेमतेम दीड लाखांच्या घरात. म्हणजे शंभरांतल्या नव्वदांहून अधिक जातींचे अजून बारसेच झालेले नाही.

त्यातच वणव्यांची भर. २००३ सालच्या वणव्यात या डोंगराचे सुमारे ८५ हजार एकर क्षेत्र जळाले आणि माथ्यावरच्या समरहेवन या वस्तीतील तीनशेहून अधिक इमारती भस्म झाल्या. ५ जून २०२० रोजी वीज पडून पेटलेल्या वणव्याने सुमारे १ लाख २० हजार एकरांवर हात फिरविला. त्याच वर्षी टुसॉनला सबंध मोसमात दोन इंचही पाऊस झाला नाही. आणि पुढच्याच वर्षी, २०२१ साली, बारा इंचांहून अधिक कोसळला. अशा लहरी निसर्गात एका वर्षाच्या नोंदीला फारसा अर्थ नाही. दुष्काळात अळंबी दिसली नाही, म्हणजे ती नाहीशी झाली असे नव्हे. जमिनीखाली ती पावसाची वाट पाहत असेल. वणवा हाही निव्वळ संहार नसतो. जळालेल्या जमिनीवरच उगवणारे कवक आहेत; राखेवर पसरणारी नारिंगी पायरोनेमा, कोळशालगतच्या इवल्या वाट्यांसारखी जिओपिक्सिस, आणि पाश्चात्त्य खवय्ये जिच्यासाठी जीव टाकतात त्या मोरेल. परंतु आगीआधी त्या घळीत काय होते हे लिहिलेले नसेल, तर आगीने काय नेले आणि काय आणले, हे कोण सांगणार? म्हणून तेथील जाणती मंडळी एक शिस्त पाळतात. ज्या फेरीत काहीच सापडले नाही, त्या फेरीचीही तारीख, वाट आणि जागा लिहून ठेवतात. ‘पाहिले, नव्हते’ ही नोंद आणि नोंदच नसणे, या दोहोंत महदंतर आहे.

एखाद्याला वाटेल, अळंबीची एक जात गेली तर जगाचे काय अडले? आम्हांला याचे उत्तर असे वाटते. माणूस मेला तर निदान मृत्यूची नोंद होते. कोणी रडते, कोणी दिवस घालते. ज्या जातीला नावच मिळाले नव्हते, ती गेल्याचे सुतक कोणाला? एका डोंगरमाथ्यावर हजारो वर्षे पाइनच्या मुळांना पाणी पाजणारा एखादा जीव नाहीसा होतो, आणि तो होता हेही कोणाला ठाऊक नसते. पुढे कधी त्या उतारावर पाइनची रोपे का जगत नाहीत असा प्रश्न पडेल, तेव्हा उत्तराचा एक धागा कायमचा तुटलेला असेल. ही हानी तेथील वनांची आहे, तशीच माणसाच्या ज्ञानाचीही.

आपला संबंध येथे येतो. आपल्याकडे वाळवंट नाही. परंतु सह्याद्रीचे उंच कडे, त्यांवरचे सडे आणि देवराया यांचीही आपल्या परीने बेटेच आहेत. आपल्याकडे हे शास्त्र अनोळखी नाही. १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली. आज तिला आघारकर संशोधन संस्था म्हणतात. पश्चिम भारतातील कवकशास्त्राचे एक आद्य पुरुष प्रा. आजरेकर यांच्या नावाचा कवकसंग्रह तेथे आहे. याच संस्थेने १९८० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात महाराष्ट्रातील अळंब्यांचे वर्णन आहे. म्हणजे पाया घातलेला आहे. त्यावर भिंत चढविण्याचे काम चार-दोन शास्त्रज्ञांवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. रानभाजीच्या पाटीत अळंबी घेऊन येणाऱ्या बाईला ती कोणत्या झाडाखाली, कोणत्या नक्षत्रात उगवते, हे तोंडपाठ असते. वारुळावरच्या अळंबीच्या जागा गोव्यातल्या कित्येक घरांत बापाकडून मुलाकडे येतात. हे ज्ञान खरे आहे, पण ते लिहिलेले नाही. त्या माणसांबरोबर ते जाते.

त्यासाठी फार मोठी सामग्री लागत नाही. एक वही, एक पेन्सिल, एक सुरी, मेणकागद आणि थोडा चिकाटीचा स्वभाव. दरवर्षी एकाच वाटेने, एकाच टेकडीवर, पावसाळ्याच्या ठरलेल्या आठवड्यांत जावे. दिसेल ते लिहावे. दिसले नाही तर तेही लिहावे. खासगी जमीन असेल तर मालकास, राखीव वन असेल तर वनखात्यास विचारल्यावाचून काही उचलू नये. उचललेच तर चिठ्ठीवाचून ठेवू नये. आणि ज्याने आपल्याला ही माहिती दिली, त्या रानातल्या माणसाचे नाव त्याच्या संमतीने चिठ्ठीवर आपल्या नावाआधी घालावे. पाच वर्षे हे केले तर आपली वही म्हणजे त्या टेकडीची सातबाऱ्यासारखी साक्ष होईल. पंचवीस वर्षे केले तर आपल्या नातवंडांना प्रश्न विचारता येतील. उत्तरे कदाचित आपल्याला मिळणार नाहीत. व्हिटेकर यांनाही मिळाली नाहीत; १९८० साली ते वारले, आणि त्यांच्या टिपणांचे मोल त्यानंतर तीस वर्षांनी उमगले. नोंद करणारा स्वतःसाठी लिहीत नसतो. ज्याला तो कधी भेटणार नाही अशा माणसाला तो हात पुढे करीत असतो.